तीन गुरुवारी झोपलेला मुलगा

बैल घ्यायचा असो, बियाणं घ्यायचं असो की जावई करायचा असो, देवगाव रंगारीचे तात्यासाहेब स्वतः जाऊन बघितल्याशिवाय तोंड उघडत नसत. आणि जायचं ते न सांगता. सांगून गेलं की बैलाला खरारा केलेला असतो आणि जावयाला इस्त्रीचा सदरा घातलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. शिवाय एकदा बघून ते कधी निकाल देत नसत. एकदा बघितलेलं फसवू शकतं, दोनदा बघितलेलंही फसवू शकतं. पण तीनदा बघूनही जो फसला तो मुळातच बावळट, असा त्यांचा नियम होता. हा नियम अख्ख्या गावाला पाठ होता, कारण तात्यासाहेब तो चावडीपासून सलूनपर्यंत सगळीकडे ऐकवत.

त्या गुरुवारी दुपारी साडेबाराला ते शहरात, पुंडलिकनगरातल्या दगडाबाईंच्या दारात तिसऱ्यांदा उभे राहिले. दगडाबाईंचा मुलगा सुदर्शन शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरीला होता आणि तात्यासाहेबांच्या लेकीसाठी, दीपमालासाठी, त्याचं स्थळ आलं होतं. दीपमाला गावातल्याच ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, दोघं एकमेकांना पसंत होती, दोन महिने फोनवर बोलत होती आणि अलीकडे दीपमाला भाकरी थापतानासुद्धा गुणगुणत असे. आता फक्त बापाचं तिसरं बघणं बाकी होतं.

“सुदर्शनराव हायत का घरी?” तात्यासाहेबांनी उंबऱ्यातूनच विचारलं.

“हाय ना, पन झोपलाय,” दगडाबाई पदर सावरत म्हणाल्या. “रात्रपाळी करून सकाळी आलाय. उठवू का?”

“नगं.”

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. कूलर घरघरत होता आणि चादरीबाहेर एक भलामोठा पाय आला होता. पहिल्या गुरुवारी तात्यासाहेबांनी हाच पाय बघितला होता. त्यानंतर एकवीस दिवसांनी आले, तेव्हाही पाय. आज आणखी एकवीस दिवसांनी आले, तर पुन्हा पाय. अचानक येऊन त्यांना जावयाचं जे काही बघायला मिळालं ते एवढंच.

“म्हंजे परत रात्रपाळीच?” त्यांनी विचारलं.

“व्हय. आठवड्याला बदलती पाळी. एक आठवडा रातची, एक सकाळची, एक दुपारची.”

“अन् मी येतो तवा बराबर रातचीच असती.”

दगडाबाईंचा चेहरा जरा आवळला. बारा वर्षांमागे नवरा गेल्यावर एकटीनं मुलाला शिकवून उभं केलेली ती बाई. तिला असलं तिरकस बोलणं पोचायला वेळ लागत नव्हता. तरी त्या नेटानं म्हणाल्या, “बसा, च्या टाकते.”

“नगं.”

“मंग थोडे पोहे तरी...”

“नगं म्हनलं ना बाई!”

एवढं बोलून तात्यासाहेब कठड्याला धरून जिना उतरले. मनातल्या मनात निकाल लागला होता. तीन पाळ्या आहेत म्हणता, तर तीन वेळा आलो, तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसायला हव्या होत्या. दिसला एकच पाय. म्हणजे पोरगा दिवसा झोपा काढतो आणि आई त्यावर पांघरूण घालते.

आता, चहाला नाही का म्हणाले? ही गोष्ट तात्यासाहेबांनी सख्ख्या मेहुण्यालाही सांगितली नव्हती. त्यांचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून धरला होता आणि गुलमंडीजवळचे एक वैद्य त्यावर पुड्या देत. रोज रात्री एक, अशा मोजून एकवीस. त्या संपल्या की येऊन नाडी दाखवायची, आणि नाडी दाखवायची तर सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नको. वैद्य बसत दुपारी दोनला. तेव्हा दर एकविसाव्या दिवशी तात्यासाहेब उपाशीपोटी एसटीत बसायचे, सगळे खड्डे त्या गुडघ्यावर झेलत शहरात उतरायचे आणि दोन वाजेपर्यंत करायचं काय म्हणून जावई तपासून यायचे. मुलीच्या बापानं मुलाकडच्यांपुढे आपलं दुखणं काढायचं नसतं, हा त्यांचा आणखी एक नियम. त्यांच्याकडे नियमांना तोटा नव्हता.

वैद्यांच्या बाकावर नंबर यायला वेळ होता, म्हणून त्यांनी मोबाइल काढला. बिबट्याच्या भीतीनं दीपमालानं दिवाळीत गोठ्यात कॅमेरा बसवून घेतला होता. बिबट्या काही फिरकला नाही, पण घरी नसताना घरच्यांच्या चुका काढायची तात्यासाहेबांची सोय झाली. आत्ता मोबाइलमध्ये त्यांच्या पत्नी आवडाबाई चारा कापायच्या कडबाकुट्टीत हिरवा मका घालत होत्या. कुट्टीचं ते मोठं लोखंडी चाक, त्याला चार आरे, मोटारीवर फिरत होतं. फिरत होतं, पण उलटं. अगदी सावकाश, निवांत, उलटं.

तात्यासाहेबांनी घरी फोन लावला. “आगं, मशीन बंद कर! चाक उलटं फिरायलंय! फेज उलटा झालाय, मोटार जळंल!”

“काय तरीच काय! सरळ फिरायलंय,” आवडाबाई मशीनच्या आवाजावर ओरडल्या. “मका कापून पडायलाय की खाली.”

“मला दिसायलंय ना हितं!”

“अन् मी काय आंधळी हाय? मशीनीम्होरं उभी हाय मी!”

तात्यासाहेबांनी क्षणभर तोलून बघितलं. आवडाबाईंचे डोळे पन्नाशीपार गेलेले, कॅमेरा सहा महिन्यांचा. त्यांनी पुन्हा मोबाइल बघितला. उलटं. डोळे पुसून तिसऱ्यांदा बघितला. उलटंच. तीनदा झालं म्हणजे विषय संपला.

“फकिराला बोलव,” ते म्हणाले.

फकिरा गावातला वायरमन. अर्ध्या तासात आला, मशीन बघितलं आणि फोनवर म्हणाला, “तात्या, मला तं सरळच दिसायलंय.”

“तू दोन वायरी बदल. मी हितून सांगतो.”

मालकासमोर कोण बोलणार? फकिरानं तीन वायरींतल्या दोन अदलून-बदलून जोडल्या आणि मोटार चालू केली. मोबाइलमध्ये चाक डौलात सरळ फिरू लागलं. तात्यासाहेबांनी तो मोबाइल शेजारच्या कंबर धरलेल्या म्हाताऱ्या बाईंना दाखवला. त्यांनीही चष्मा वर करून बघितलं आणि “सरळ हाय की” असा दाखला दिला.

“बघ! आता कसं फिरायलंय!” तात्यासाहेब फोनवर गरजले.

“काय कसं फिरायलंय?” आवडाबाईंचा आवाज चढला. “मका तोंडात दिला की भायेर ढकलायलंय मशीन. म्हशी माझ्याकडं बघायल्यात.”

“तू मका उलटा घालत असशील.”

यावर आवडाबाईंनी फोन ठेवला. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी बरंच काही ऐकून घेतलं होतं, पण मक्याला उलटी-सुलटी बाजू असते हे नवीन होतं.

संध्याकाळी एकवीस पुड्या घेऊन तात्यासाहेब घरी पोचले, तेव्हा आवडाबाई विळ्यानं मका तोडत बसल्या होत्या आणि बोलत नव्हत्या. तात्यासाहेबांनी गोठ्यात जाऊन मशीन चालू केलं. चाक खरंच उलटं फिरत होतं. मोबाइल काढून बघितला. मोबाइलमध्ये ते सरळ फिरत होतं. त्यांनी तीनदा चाक बघितलं, तीनदा मोबाइल बघितला आणि मशीन बंद केलं. त्यांच्या नियमात ही तरतूद नव्हती.

ही फजिती झाकायची तर दुसरा मोठा विषय काढणं भाग होतं. म्हणून जेवताना त्यांनी जाहीर करून टाकलं, “ते पुंडलिकनगरचं स्थळ नगं. रविवारी तसं कळवून टाकू.”

दीपमालाचा घास हातातच राहिला. “का पण, तात्या?”

“तीनदा गेलो. तीनदा भर दुपारी पोरगा झोपलेला.”

“रात्रपाळी असेल.”

“तिन्ही बारी? पाळी तं आठवड्याला बदलती म्हणत्यात.”

“योगायोग असेल.”

“एकदा झाला तर योगायोग. तीनदा कसला आलाय योगायोग?”

सुदर्शन खोटं बोलणारा नाही, एवढं दीपमालाला माहीत होतं. पण तात्या तिन्ही वेळा नेमके रात्रपाळीतच कसे गेले, हे तिलाही सांगता येईना. ताट तसंच ठेवून ती उठली. तात्यासाहेबांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मुलीला आज वाईट वाटलेलं बरं, जन्मभर झोपाळू नवरा नको, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फकिरा येऊन वायरी होत्या तशा जोडून गेला. जाताना दीपमालाला सगळी हकिकत सांगून गेला. कॉलेजला निघालेली दीपमाला तशीच गोठ्यात आली, तिनं मशीनचा मेन स्विच बंद केला आणि बापाला हाक मारली. रात्रीपासून ती बापाशी बोलली नव्हती, आणि आत्ताही आवाज वर्गातला होता.

“इथं उभं राहा. डोळे मिटा. टाळी वाजली की उघडायचे आणि लगेच मिटायचे.”

“टाळी कोण वाजवणार?”

“मी हाय की,” आवडाबाई म्हणाल्या आणि नवऱ्याच्या कानाजवळ येऊन उभ्या राहिल्या. कालपासून त्या पहिल्यांदाच खुशीत दिसत होत्या.

टाळी वाजली. तात्यासाहेबांनी डोळे उघडले. एक आरा बरोबर वर उभा होता. मिटले. टाळी. आरा किंचित डावीकडे सरकलेला. मिटले. टाळी. आणखी थोडा डावीकडे.

“उलटं चाललंय,” तात्यासाहेब ठामपणे म्हणाले.

“मी चाक हातानं उजवीकडं फिरवतेय, तात्या. दर वेळी पाव फेऱ्यापेक्षा थोडं कमी. वरचा आरा उजवीकडं गेला आणि मागचा आरा त्याच्या जागेवर येता येता जरा मागं राहिला. चारी आरे दिसायला सारखे. तुम्हाला वाटलं, पहिलाच आरा मागं सरकला.”

“पन मी बघितलं ना!”

“मध्ये बघितलंत का?”

“डोळे मिटल्यावर मध्ये कसं बघनार?”

“कॅमेऱ्याचं तेच आहे. तो सेकंदाला पंधरा वेळा डोळा उघडतो. मध्ये काय झालं ते त्याला ठाऊक नसतं. पण दाखवताना असं दाखवतो, जसं काही पापणी न लववता बघत होता.”

मग तिनं पुन्हा डोळे मिटायला लावले. टाळी. टाळी. टाळी. तिन्ही वेळा आरा जागेवर, सरळ उभा.

“आता तं तू हातच लावला नाहीस.”

“तीनदा पाव पाव फेरा फिरवला.”

तात्यासाहेबांचा विश्वास बसेना. तेव्हा दीपमालानं एका आऱ्याला लाल चिंधी बांधली. टाळी, चिंधी वर. टाळी, चिंधी उजवीकडे. टाळी, चिंधी खाली. आरे मात्र जिथल्या तिथं. तात्यासाहेबांनी स्वतः चाकाला हात लावून बघितला. फसवाफसवी कुठंच नव्हती.

“बारावीच्या पोरांना सांगते मी हे. एलियासिंग म्हणतात याला,” दीपमाला हात पुसत म्हणाली. “फोटोतही होतं. सुदर्शनचा पहिला फोटो आला तेव्हा सदऱ्यावर लाटालाटा दिसल्या आणि तुम्ही म्हणालात, पोराकडं धड सदरासुद्धा नाही. त्या सदऱ्यावर बारीक चौकडी होती, तात्या. मोबाइलवर यायला फोटो लहान केला, एवढ्या बारीक रेघा टिपायला त्यात ठिपके पुरले नाहीत, आणि कापडावर नव्हत्या त्या लाटा फोटोत उमटल्या.”

“मंग खरं बघायचं कसं मानसानं?”

“एक तर पुष्कळ वेळा बघायचं, मध्ये फार अंतर न ठेवता. नाहीतर ठरलेली वेळ मोडून, वेगवेगळ्या वेळी बघायचं. तुम्ही नेमक्या अंतरानं बघताय आणि तेवढ्यात चाकही आपला फेरा पुरा करून जागेवर येतंय, तर तीनदा काय, तीनशेदा बघितलं तरी तेच दिसणार.”

एवढं बोलून ती कॉलेजला निघून गेली. तात्यासाहेब मात्र चाकासमोर उभेच राहिले. “तीनदा काय, तीनशेदा” हे त्यांना कुठंतरी लागलं होतं, पण कुठं ते कळत नव्हतं.

कळलं ते स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेल्यावर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आवडाबाईंनी पुड्यांचे गुरुवार पेनानं गोल करून ठेवले होते. तात्यासाहेब पानं उलटत, बोट ठेवत दिवस मोजू लागले. पहिल्या गोलापासून दुसऱ्यापर्यंत एकवीस. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत एकवीस. मग त्यांनी दगडाबाईंचं बोलणं आठवलं: एक आठवडा रातची, एक सकाळची, एक दुपारची. सात, सात आणि सात. पाळीचं चाक एक पुरा फेरा मारून यायचं आणि बरोबर त्याच दिवशी तात्यासाहेबांच्या पुड्या संपायच्या. पोरगा वीस दिवस काय करत होता हे त्यांनी बघितलंच नव्हतं, आणि निकाल मात्र असा दिला होता, जसं काही पापणी न लववता बघत होते.

ते पिठाच्या डब्यावर बसले. आपण बावळट ठरलो याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठा आनंद झाला. दीपमालाचं लग्न मोडायचं नव्हतं! रविवारी फोन करायचा, मोठ्या मनानं होकार द्यायचा, आणि हे पुड्यांचं गणित कुणाला सांगायचीही गरज नाही, असा बेत त्यांनी बसल्या बसल्या केला.

तेवढ्यात फोन वाजला. दगडाबाई होत्या.

“तात्यासाहेब, राग मानू नका,” त्या म्हणाल्या. “पन आमाला ह्ये जमायचं नाय.”

“आं? का?”

“पोरगी तुमची लाखात एक हाय, तिच्याबद्दल बोलायची माझी टाप नाय. पन तुमी तीनदा आलाव. तीनदा तुमच्या कपाळाला आठ्या, तीनदा च्याला शिवला नाय तुमी, अन् काल तर अंगावर वरडलाव. सासराच असा रागीट असल्यावर माझ्या पोराचा जन्म जाईल की तुमची मर्जी सांभाळन्यात. एकदा असतं तर म्हनलं असतं, आसंल काय तरी. तीनदा बघितल्यावर मानूस कळतो.”

फोन बंद झाला. तात्यासाहेबांचाच नियम त्यांच्याच कानात कुणीतरी ओतला होता. म्हणजे आपण तिकडे एक झोपलेला पाय बघत होतो, तेव्हा तिकडून कुणीतरी एक उपाशी, ठणकत्या गुडघ्याचा माणूस बघत होतं. तेही तीनदा. तेही एकवीस दिवसांच्या अंतरानं.

संध्याकाळी दीपमाला घरी आली ती सगळं कळूनच. सुदर्शनचा मेसेज आला होता: आई ऐकत नाही. ती रडली नाही, भांडली नाही. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन तपासत बसली, आणि एकाच पानावर तिचा लाल पेन कितीतरी वेळ हलला नाही. तात्यासाहेबांनी दारातून ते बघितलं. आपल्या हातानं आपल्या लेकीचं सुख आपण मोडलं, हे त्यांना इतकं लख्ख कळलं की त्या रात्री पुडी घ्यायचीही आठवण राहिली नाही.

रविवारी त्यांनी दगडाबाईंना फोन केला आणि गुरुवारी येऊ का म्हणून विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा ते विचारून, सांगून कुणाचं घर बघायला निघाले होते. दगडाबाई “या” म्हणाल्या, पण त्यात ओलावा नव्हता. गुरुवारी ते आवडाबाईंना घेऊन निघाले. दीपमाला “मी पण येते” म्हणाली, आणि मुलीनं असं जायचं नसतं हा नियम तात्यासाहेबांना त्या दिवशी आठवला नाही.

दुपारी साडेतीनला तिघं पुंडलिकनगरात पोचले. पोटभर जेवून निघाल्यामुळे आणि निम्म्या रस्त्यात एसटीत उजवा पाय लांब करून बसायला मिळाल्यामुळे तात्यासाहेब बरे दिसत होते. आतल्या खोलीचं दार उघडं होतं, चादर घडी करून ठेवलेली होती, पलंग रिकामा.

“सकाळची पाळी हाय,” दगडाबाई म्हणाल्या. “चारला येतो.”

चारला सुदर्शन आला. कारखान्याचा निळा युनिफॉर्म, हातात डबा, बाहीला ग्रीसचा डाग. दीपमालाला बघून तो दारातच थबकला आणि डबा कुठं ठेवावा हे त्याला सुचेना. बघण्याच्या कार्यक्रमातला इस्त्रीचा सदरा सोडला, तर तात्यासाहेबांनी पहिल्यांदाच जावयाला पायाच्या वरपर्यंत नीट बघितलं. पोरगा बरा होता. थकलेला होता, पण बरा होता.

मग त्यांनी पिशवीतून कॅलेंडर काढलं. स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरून काढून ते आणलं होतं. टेबलावर पसरून त्यांनी तीन गोल दाखवले, सात-सातचे हिशेब मांडले, आणि हे सगळं करताना पुड्या कशाच्या हे सांगावंच लागलं.

“माझा गुडघा गेलाय,” ते दगडाबाईंकडे न बघता म्हणाले. “वैद्याकडं उपाशी जावं लागतं. च्या चालत नाय त्या दिवशी. तुमाला सांगायची लाज वाटली. अन् वरडलो ते चुकलं माझं.”

सुदर्शन बोटांवर आठवडे मोजत होता. मोजून झाले तसा तो हसू लागला. “सही पकडे, तात्या! आमच्याकडं रोजचं आहे हे. मशीनची थरथर मोजायला सेन्सर लावतो आम्ही. त्यानं लई वेळा बघितलं पाहिजे. कमी वेळा बघायला लावला, की भलताच आकडा दाखवतो. मागं एकदा आम्ही ठणठणीत मशीन खोलून बसलो होतो.”

दीपमालाही हसली. पण दगडाबाई हसल्या नाहीत. त्या कॅलेंडरकडे बघत होत्या, आणि एकटीनं संसार ओढलेल्या बाईला एवढ्यावर भागणार नव्हतं.

“म्हंजे त्या एका दिवशी दुखतंय म्हनून रागावता,” त्या म्हणाल्या. “मंग बाकीचे वीस दिवस?”

तात्यासाहेब कॅलेंडरचा दुमडलेला कोपरा सरळ करू लागले. दगडाबाई आवडाबाईंकडे वळल्या. “बाई, तुमी सांगा. आमी तीनदा बघितलं. तुमी तर रोज बघता.”

दीपमालाचं लग्न आता आवडाबाईंच्या जिभेवर होतं, आणि तात्यासाहेबांना एकतीस वर्षांत आपण त्या बाईला काय काय बोललो ते एकदमच आठवू लागलं. ती यादी फार लांब होती.

“रागवत्यात,” आवडाबाई म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू? रोज रागवत्यात. भाकरी करपली तरी अन् नाय करपली तरी.”

तात्यासाहेबांनी मान खाली घातली. दीपमालानं डोळे मिटले.

“पन एक सांगते,” आवडाबाई तशाच सावकाश बोलत राहिल्या. “ही पोरगी अकरावीला हितं शहरात होस्टेलला ठिवली व्हती. दर शनिवारी सांजच्या एसटीनं घरला यायची. अन् ह्ये रोज सांच्याला स्टँडवर. सोमवारी, मंगळवारी, रोज. पोरगी यायची नाय, ठावं असायचं. तरी एसटी लागायची, समदी मानसं उतरायची, तवर उभे ऱ्हायाचे. मंग घरला यायचे अन् भाकरीवरून रागवायचे. दोन वर्सं.”

दीपमालानं डोळे उघडले. “रोज?” तिचा आवाज बारीक झाला होता. “तात्या, मला वाटायचं तुम्ही फक्त शनिवारी यायचात.”

“तू शनिवारीच उतरायचीस,” आवडाबाई म्हणाल्या. “तुला शनिवारचंच दिसनार.”

तात्यासाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “पेपर आनायला जायचो मी,” ते पुटपुटले.

“पेपर सकाळच्या गाडीला यायचा,” आवडाबाईंनी दगडाबाईंना सांगितलं.

दगडाबाईंनी कॅलेंडर घडी करून तात्यासाहेबांच्या हातात दिलं. मग त्या सुदर्शनला म्हणाल्या, “उभा काय ऱ्हायलास? पाया पड सासऱ्याच्या.”

सुदर्शन वाकला. पण तात्यासाहेबांना तो दिसलाच नाही, कारण त्यांचे डोळे भरून आले होते आणि दीपमालानं येऊन त्यांचा हात घट्ट धरला होता.